शनिवारचा बाराचा भोंगा

आमच्या डेव्हलिन गावात दर शनिवारी बाराला भोंगे वाजतात. सहा खांब, सहा भोंगे, एक मिनिट. ओक्लाहोमात त्यासाठी कुणी मान वर करत नाही. बायका त्या आवाजावर मक्याचा पाव भट्टीतून काढतात, कुत्री गळा काढून घेतात, आणि माझे वडील ऑरव्हिल राजम्याचा वाडगा पुढे ओढतात. भोंगे शाबूत आहेत, टोर्नॅडो आला तर वाजतील, एवढाच त्या चाचणीचा अर्थ.

नियम एकच. आभाळ बिघडलेलं असेल तर चाचणी करायची नाही, कारण चाचणीचा आणि खऱ्या इशाऱ्याचा आवाज एकच आहे. अशा दिवशी बाराच्या आधी टायमर बंद करायचा आणि रेडिओवर तसं सांगायचं. गावच्या आपत्ती कक्षात टायमर बंद करायचं काम माझं. एकोणीस वर्षं मी ते चोख केलं होतं, आणि मला त्याचा तोराही होता, खोटं कशाला बोलू?

मे महिन्यातल्या त्या शनिवारी अकरापासूनच नैऋत्येला ढग चढत होते. शेतांमधल्या रस्त्यांवर गाड्या लावून ढगांवर नजर ठेवून बसलेले आमचे स्वयंसेवक दर दोन मिनिटांनी वायरलेसवर बोलत होते. लिंबाएवढ्या गारा. दक्षिणेचा वारा. मी नकाशावर खुणा करत होते, एक कान फोनला, एक वायरलेसला. असे दिवस मला आवडतात. अंगात नुसतं वारं भरतं.

"रॉबर्टा, जत्रेला निघाल्यासारखी दिसतेयस," शेजारच्या टेबलावरून डेल्मर म्हणाला. रेडिओवरून गावाला सूचना देणं हे त्याचं काम.

"तू तुझा माइक सांभाळ."

आणि भोंगे वाजले.

बारा वाजले होते. मी टायमर बंद केला नव्हता.

डेल्मरचं हसू मावळलं. "बंद केला होतास ना?"

मिनिट संपलं, भोंगे थांबले. आता सगळं गाव निर्धास्त जेवायला बसणार होतं. चाचणी झाली, म्हणजे आभाळ ठीक आहे. नसतं तर रॉबर्टाने ती होऊच दिली नसती. माझ्या एकोणीस वर्षांच्या चोखपणावर ती माणसं विसंबून होती.

बारा वाजून तीन मिनिटांनी वायरलेसवर आवाज आला, "टोर्नॅडोची सोंड जमिनीला टेकलीय. धान्याच्या कोठारापलीकडे. सरळ गावाकडे येतेय."

मी खऱ्या इशाऱ्याचं बटण दाबलं. तेच भोंगे, तोच आवाज. खिडकीतून समोरचा पेट्रोलपंप दिसत होता. तिथे सुतार हॉलिस आपल्या गाडीत पेट्रोल भरत होता. त्याने खांबाकडे पाहिलं, मान हलवली आणि पेट्रोल भरत राहिला. मागच्याच महिन्यात टायमर बिघडून चाचणी दोनदा वाजली होती, आणि गाव आठवडाभर आम्हाला हसलं होतं.

"ही चाचणी नाही. तळघरात उतरा," डेल्मर माइकवर पुन्हा पुन्हा सांगत होता. पण बाराच्या जेवणाला रेडिओ कोण लावतं?

मी डॅडींना फोन लावला. त्यांचं घर कोठारापासून अर्ध्या मैलावर, वादळाच्या वाटेत सगळ्यात पहिलं. अंगणात जमिनीखाली खोली आहे, आमच्याकडे तिला भित्र्यांचं बीळ म्हणतात. चाचणीसाठी डॅडी त्यात उतरणार नव्हते.

फोन एंगेज.

डॅडी फोनवर दोन वाक्यांच्या वर कधी बोलत नाहीत. पुन्हा लावला. एंगेज. माझ्या चुकीने माझाच बाप मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

समोर हॉलिसने खिशातून मोबाइल काढून कानाला लावला. थोडं ऐकलं. मग नळी तिथेच टाकून तो आमच्या इमारतीकडे धावत सुटला. तळघराच्या जिन्याकडे जाताना दारातून आत न बघताच म्हणाला, "आलो, रॉबर्टा. रडू नकोस. ठेव आता फोन."

माझ्या कानाशी एंगेजचा टोन चालूच होता.

दुसऱ्या लाइनवर शाळेची स्वयंपाकीण आयडा होती. "आम्ही उतरलो गं सगळे. शेजारचेही आणलेत. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

"काय लावून घेऊ नको?"

"आत्ताच म्हणालीस ना, टायमरचं."

डेल्मरने माइकवर हात ठेवला. "तू कुणाकुणाला फोन करतेयस?"

"फक्त डॅडींना."

तिसरी लाइन वाजली. मग चौथी. उतरलो. उतरलो, रॉबर्टा. आईलाही उचलून आणलंय.

खिडकीबाहेर रस्ते ओस पडले होते.

मी पुन्हा नंबर फिरवला.

एंगेज.

मग कानांना दडे बसले, दिवे गेले, आणि डेल्मरने मला दंडाला धरून टेबलाखाली ओढलं.

बारा वाजून अकरा मिनिटांनी सगळं शांत झालं. गावाची उत्तरेकडची घरांची अख्खी रांग गेली, पण एक माणूस मेलं नाही. पुढे नोंदी काढल्या तेव्हा त्या आठ मिनिटांत माझ्या टेबलावरून एकाच नंबरला सात फोन निघाले, आणि त्यातला एकही लागला नव्हता.

पण ते नंतर. त्या वेळी मी डॅडींच्या घराकडे धावले. घर नव्हतं, नुसती फरशी उरली होती. मी बिळाच्या तोंडावरचा पत्रा ओढत होते, तेवढ्यात तो आतून वर उचलला गेला आणि डॅडी बाहेर आले. मी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांच्या हातात बिनवायरीचा फोन होता. त्याचं मूळ यंत्र स्वयंपाकघरात असायचं, आणि आता स्वयंपाकघरच नव्हतं.

"किती बोलतेस गं," ते म्हणाले. "घर उडालं, तरी तुझं चालूच. आत्ता तू पत्रा वाजवलास तेव्हा कुठे थांबलीस."

"काय बोलत होते मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी नाहीच ऐकत म्हटल्यावर सांगायला लागलीस, मी कुठे सापडलो ते. ओढ्याकडच्या तारेच्या कुंपणात. चौथ्या दिवशी. पायात एकच बूट होता म्हणालीस. दुसरा शोध शोध शोधलास, पण मिळाला नाही, म्हणून तसंच पुरावं लागलं. तीन वर्षं झाली, अजून झोप लागत नाही म्हणालीस."

मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. तो ऊबदार होता.

"मग म्हटलं, पोरीच्या जिवाला घोर नको," डॅडी म्हणाले.

मी खाली पाहिलं. जुन्या बुटांच्या नाड्या त्यांनी दोन्ही पायांत घोट्याभोवती गुंडाळून, गाठीवर गाठ मारून बांधल्या होत्या.