नातीच्या पाठीवरचे डोळे

शाळेचं तोंड मी फारसं पाहिलं नाही, पण जखम कशी धुवायची हे मला कुणी शिकवायला नको. एकतीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात तेच केलं. जखमा धुवायच्या, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची. आणि कुणी गेलं की अंग पुसून, दोन बोटांनी पापण्या खाली घ्यायच्या आणि दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायच्या. पुढं पुढं बोटं आपली आपण जायची.

म्हणून नातीनं खांद्यामागं टॅटू काढून आणला तेव्हा तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. तिचा हात तिथवर पोचत नव्हता. टॅटूत माझ्या बायकोचा चेहरा होता, फोटोवरून उतरवलेला, डोळे टपोरे उघडे.

ते उघडे असण्याला कारण होतं. आमच्या हिला अंधाराची फार भीती. रात्री दिवा विझवू द्यायची नाही. शेवटच्या दुखण्यात मला जवळ बोलावून म्हणाली, "अहो, तुमची ती सवय माझ्यावर नको. माझे डोळे मिटू नका."

ती गेली तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभा राहिलो. लोक कुजबुजले. मी मिटले नाहीत, कुणाला मिटूही दिले नाहीत. नात तिथंच होती.

टॅटूचं रोजचं काम सकाळी. हात साबणानं धुवायचे, कोमट पाणी, घासायचं नाही, स्वच्छ फडक्यानं टिपायचं, मग मलम अगदी पातळ. टॅटूवर ऊन नको म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बसायची.

"खपली ओढायची नाही हं आजोबा. टॅटूवाल्यानं बजावलंय."

मी विचारलं, त्याचं वय काय. चोवीस म्हणाली. म्हटलं, त्याच्या वयाहून जास्त वर्षं मी खपल्या बघितल्यात. ती हसली की पाठीवरची आजी हलायची.

सहाव्या दिवशी ती बसल्या बसल्या पेंगली होती. पाठ गार लागली, खोलीत औषधाचा जुना वास आला... माझ्या वॉर्डाचा. मी टिपत होतो. चेहरा पुसून झाला आणि मन कुठंतरी गेलं. भानावर आलो तेव्हा माझी दोन बोटं त्या डोळ्यांवर होती आणि ओठ मोजत होते... आठ... नऊ...

हात झटकन मागं घेतला. खपली जागेवर होती. शाईचं चित्र ते, त्याला काय होणार.

दहाव्या दिवशी धुताना खपली आपणहून सुटून पाण्यात उतरली. खाली नवी, चकचकीत कातडी होती. त्या कातडीवर डोळे मिटलेले होते.

माझ्या हातातलं भांडं पडलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पापणीचा केस न् केस खाली वळलेला. टॅटूवाल्यानं पहिल्या दिवशी काढलेला फोटो नातीच्या मोबाइलवर होता, तो शोधला. त्यात ते उघडेच होते.

भांडं एवढं वाजलं तरी नातीनं मान वळवली नव्हती. मी पुढं जाऊन पाहिलं. ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं आणि तिचे डोळे सताड उघडे होते.

"अहो..." ती म्हणाली.

नातीनं मला जन्मात कधी अहो म्हटलेलं नाही.

"अहो... दिवा का विझवलात?"

मी दिवा लावून तिच्यासमोर धरला. पापण्या लवल्या, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "आजोबा, दिवसा दिवा कशाला?" तिला काहीच आठवत नव्हतं.

तेव्हापासून तो दिवा मी विझवलेला नाही. टॅटू छान भरून आला, टॅटूवालाही कौतुक करून गेला. मिटलेल्या डोळ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही त्यानं.

काल दुपारी जेवताना नातीनं हातानं ताट चाचपडलं आणि म्हणाली, "हल्ली किती लवकर अंधारतं, नाही आजोबा?"

मी उठलो आणि दुसरा दिवा लावला.