बेबाअक्काच्या माहेरचा उंबरठा

"अनुज, नाव हलवू नकोस! नाहीतर पुरणपोळ्या मासे खातील!" डिंपल ओरडली.

"मी नाही, ही चेलना हलवतेय!"

"मी? मी तर डबा धरून बसलेय!"

मधे बसलेल्या बेबाअक्काला या भांडणाशी काही घेणंदेणं नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती. वल्हं मारणाऱ्या लोटन आबांची ती थोरली बहीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, तशी तीही दरवर्षी भडगावहून दोन एसट्या बदलून यायची. फरक एवढाच, की तिचं माहेर पाण्यात होतं. तापीवर धरण झालं आणि जुनं दहिवरं बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की घरांची जोती आणि दगडी उंबरठे वर यायचे. मग अक्का नावेतून जायची, उंबरठ्याला हळदकुंकू लावायची, तो ओलांडून आत बसायची आणि तिथं पुरणपोळी खायची. झालं माहेरपण! यंदा ते शेवटचं होतं. पावसाळ्यापासून धरणात जास्त पाणी अडवणार होते. जुनं दहिवरं परत कधीच दिसणार नव्हतं.

डिंपल ही आबांची नात. अनुज आणि चेलना ही नव्या दहिवऱ्यातल्या प्रकाशचंद शेठची नातवंडं, सुट्टीला जळगावहून आलेली. तिघांचं मेतकूट असं, की एकाला हाक मारली तर तिघं यायची.

नाव काठाला लागली. अक्का भरभर पुढे निघाली. गल्लीच्या तोंडाशी आबा एकदम थबकले.

"अक्का, उंबरा नही शे!"

दाराच्या जागी नुसता लांबट खड्डा होता आणि त्यात गढूळ पाणी. शेजारच्या घराचं तेच. त्याच्या पुढच्याचंही तेच.

"आठेच व्हता," खड्ड्याकडे बोट दाखवत अक्का पुटपुटली. "त्यावर मी अष्टाचंग्याना पट कोरेल व्हता. मायनी मारेल व्हतं मले."

"चोरी!" अनुजचे डोळे चमकले.

"आनंद कसला होतोय रे तुला?" चेलना डाफरली. अक्काचा चेहरा बघून अनुज ओशाळला.

डिंपल तोवर चिखलात वाकली होती. "इकडे बघा! दगड ओढत नेल्याच्या रेघा!"

रेघा थेट पाण्यापर्यंत गेल्या होत्या. तिथं एक निळं पिंप लोळत होतं, तराफ्याला बांधतात तसलं. त्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिलं होतं, 'दहिवरे स्मृती समिती'.

"घ्या! चोरानं नाव-गाव लिहून ठेवलंय!" अनुज म्हणाला.

"आबा, तुम्ही अक्काजवळ थांबा. मी वल्हवते," डिंपल म्हणाली. मग अक्काचा हात धरून तिनं शब्दच देऊन टाकला, "उंबरा घेऊनच येते!"

नव्या गावात एसटीच्या थांब्याजवळ समितीची कमान उभी राहत होती. खालच्या खांबांना दगड बसवून झाले होते. मिस्त्री विडी ओढत बसला होता.

"काका, दगड छान आहेत. कुठले?" चेलनानं गोडीत विचारलं.

"खाणीतले."

"हो का?" डिंपलनं एका दगडाला चिकटलेला शिंपला नखानं काढून त्याच्या नाकासमोर धरला. "खाणीत शिंपले पण निघतात?"

मिस्त्रीची विडी विझली. "हे तर चोरीचे दगड!" अनुज ओरडला. तेवढ्यात समितीचे अध्यक्ष रुपचंद भाऊ आले. हसतमुख माणूस, सगळ्या गावाला भाषणं ऐकवणारा.

"चोरी कसली, बेटा? ठराव शे आपला! जुन्या गावाची आठवण म्हणून गावचाच दगड. सगळ्यांना सरप्राइज द्यायचं होतं!"

"पण कोणते दगड काढायचे, ते बघायला तुम्ही गेला होता का भाऊ?" चेलनानं विचारलं.

भाऊ गेले नव्हते. ठराव केला, चहा प्यायले आणि घरी गेले.

"सापडला!" अनुज किंचाळला.

डाव्या खांबात उभा बसवलेला दगड. त्यावर अष्टाचंग्याचा पट, फुल्यांसकट. पण अर्धाच. उरलेला अर्धा काँक्रीटमध्ये होता.

डिंपलनं दोन्ही हातांनी तो ओढला. मग पायानं रेटला. तो तसूभरही हलला नाही.

"पाच दिवस झाले त्याला," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "आता काढला तर तुकडे होतील, पोरी."

"आणि आमच्या घरचा उंबरठा? माझ्या आईचा?" भाऊंनी एकदम विचारलं.

"तो फार मोठा होता, भाऊ. फोडून खडी केली."

भाऊ खडीच्या ढिगाकडे बघत राहिले. मग त्यांनी काम थांबवलं आणि तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाब्बास रे पोरांनो! तुम्ही नसता तर आम्हाला कळलंही नसतं. पंधरा ऑगस्टला तुमचा सत्कार करू!"

कुणीच खूश झालं नाही. सत्कार घेऊन काय करायचं होतं?

परत जाताना भाऊही नावेत होते. अक्का उन्हात तशीच बसून होती, खड्ड्याच्या अलीकडे.

"अक्का, सापडला," डिंपल म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "पण तो कमानीत गाडलाय. उभा. निघत नाही."

अक्कानं तिला जवळ ओढलं. "तू कसाले रडस? हुशार शेतस तुम्ही पोरे."

"फार हुशार आहेत!" भाऊ घाईनं म्हणाले. "अक्का, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. समिती करील."

"मले आत जानं व्हतं, भाऊ."

"मग खड्डा ओलांडून जा ना अक्का," चेलना म्हणाली. "आम्ही हात धरतो."

अक्कानं मान हलवली. "उंबराच नही, त आत कोठे नि बाहेर कोठे?"

तिनं डबा उघडला. तिघांना एकेक पुरणपोळी दिली, आबांना दिली, भाऊंनाही दिली. डब्यात एक उरली.

"तुम्ही पण खा ना अक्का," अनुज म्हणाला.

"माहेरना बाहेर बसीसन कशी खाऊ, भो?" असं म्हणून तिनं डब्याला झाकण लावलं.