बंद रानातले सोमवार

एक शिकलासवरलेला माणूस काठीनं बोरीला झोडपत होता, आणि तेसुद्धा श्रावणात!

बोरीखाली पांढरंशुभ्र धोतर अंथरलेलं. पँट-शर्टातला तो उंच तरुण एकाच फांदीवर मोजून काठी मारत होता... आठ, नऊ, दहा. मग काठी टाकून तो गुडघ्यांवर बसला आणि धोतरावर इतका वाकला, की त्याचं नाक कापडाला टेकलं.

मी पळसाआडून बघत होते. खरं तर मी गुपचूप निघून जायला हवं होतं. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या साली सरकारनं आमच्या ठाणाकुशनूरजवळचं हे रान काटेरी कुंपण घालून बंद केलं. त्याला आता चार वर्षं होत आली होती. आत गुरं न्यायची नाहीत, शेळीचं तर नावच काढायचं नाही. आणि मी आत होते, बैल घेऊन! पण माझी जीभ लहानपणापासून माझं ऐकत नाही.

"बोरं लागायला अजून चार महिने हायेत," मी म्हटलं. "आतापासूनच कामून झोडपायलाव?"

तो दचकून उठला. चष्मा नाकावर घसरला होता आणि शर्टाच्या खिशावर एक हिरवा नाकतोडा ऐटीत बसला होता.

"बोरं न्हाई... किडे पाडायलोय."

"किडे? खायला?"

"मोजायला!"

मला हसू आवरेना. तो जरा रागावल्यासारखा झाला—आणि मग तोही हसला. हसताना त्याचे कान लाल होतात, हे मी त्या पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं.

माझं नाव गंगव्वा, त्याचं विरुपाक्ष. बीदरमधल्या मैलूरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. जंगल खात्यात नवाच लागला होता. दर सोमवारी बसनं यायचा, राखणदार काशप्पाच्या चौकीत दोन दिवस राहायचा आणि किडे मोजायचा. बंद रानातल्या झुडपावर दहा काठ्या, कुंपणाबाहेरच्या चरणीच्या माळावरच्या झुडपावरही दहा काठ्या. कुठं किती पडले ते वहीत लिहायचं.

"बाहेरच्या बोरीवरून सहा पडले," तो म्हणाला. "आता इथं बघा."

मी वाकले. धोतरावर चालती-फिरती जत्रा भरली होती. नखाएवढे नाकतोडे, लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणारे भुंगे, काडीचं सोंग घेऊन निपचित पडलेली अळी. आणि एक सोनकिडा... हिरवा, निळा, पुन्हा हिरवा.

"एक्केचाळीस!" तो म्हणाला, आणि घरात बारसं असल्यासारखा त्याचा चेहरा उजळला.

मी या गावातच जन्मले. लहानपणी पाहिलेलं हे रान म्हणजे धूळ, खुरटी झुडपं आणि शिंगंच शिंगं. ते इतकं भरून आलं होतं, आणि मी रोज कुंपणाला वळसा घालून पाण्याला जात होते तरी मला त्याचा पत्ता नव्हता. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडा हेवाही वाटला.

"तुम्ही इथं कशाला आलाव?" त्यानं विचारलं.

"सरपणाला," मी ठोकून दिलं.

ओढ्याच्या बाजूला आमचा बसवंता निवांत चरत होता. त्याच्या गळ्यातली घंटी मी आधीच काढून कमरेला खोचली होती.

बसवंता म्हातारा झाला होता. दात झिजलेले, कडबा चावेना. उन्हाळ्यात त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा माझ्या वडिलांनी, अप्पांनी, गोठ्यात जाऊन डोळे पुसले होते. आमच्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. नांगर बंद, म्हणून मलाही सवड. बांधावरचं गवत अजून बोटभरच होतं आणि बंद रानात कोवळं लुसलुशीत माजलेलं. मी ओढ्याकडच्या कुंपणात फट पाडली आणि सोमवारचा बैल आत सोडायला लागले. शेण मात्र मागं ठेवत नव्हते. शेण का टाकून द्यायची वस्तू आहे? पाटीत भरायचं, वर पळसाची पानं झाकायची, घरी नेऊन गोवऱ्या थापायच्या. चोरी लपवायचा विचार तेव्हा डोक्यातही नव्हता, पण ती आपोआप लपत होती.

त्यानंतरचे सोमवार... ते अजून माझ्याजवळ आहेत.

कोणत्या झुडपाला काय म्हणतात हे तो मला विचारायचा. बेलफळाएवढं मोहोळ कुठं लागलंय ते मी दाखवायची. तो पाचोळा हलक्या हातानं बाजूला करायचा आणि खालचं दाखवायचा—तिथं मुंग्यांची लगबग, ठिपक्याएवढे भुंगे, पांढऱ्या अळ्या.

"आधी गवत परत येतं," तो सांगायचा. "मग गवत खाणारे. मग त्यांना खाणारे. पाचोळ्यातले सगळ्यांच्या शेवटी. त्यांना घाई नसती."

"तुमच्यासारखी."

"म्हणजे?"

"काय न्हाई. तुम्ही मोजा."

कान लाल!

एकदा सर आली. आडोसा नव्हता म्हणून त्यानं ते धोतरच दोघांच्या डोक्यावर धरलं. ओल्या मातीचा वास, त्याच्या हाताला आलेला पाल्याचा वास. त्यानं माझ्याकडं पाहिलं... मी धोतराच्या काठाकडं पाहिलं. मग त्याचं बोट माझ्या केसांपाशी आलं आणि तिथंच थांबलं.

"हालू नका."

त्यानं केसांतून एक इवला हिरवा किडा उचलला, आणि लगेच वही काढून लिहायला लागला! मी डोकावले.

"कुठं सापडला म्हणून लिहिलाव?"

"गंगव्वाच्या..." तो अडखळला. त्यानं घाईघाईनं ओळ खोडली. "हा रिपोर्टात घेता यायचा न्हाई."

सहावा सोमवार भाद्रपदातला. मी ओढ्याजवळ पोचले, तर तो माझी वाटच बघत होता. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, आणि तळहातावर चार काळेभोर शेणकिडे.

"गंगव्वा, हे बघितलं? गुरं गेली की शेण जातं, शेण गेलं की हे पण जातात. सगळ्या पुस्तकांत हेच लिहिलंय. आणि इथं चार वर्षांनंतर ताजे! दर सोमवारी! म्हणजे शेणाबिगर जगायलेत हे. हे कुणालाच ठाऊक न्हाई." तो आनंदानं उभ्या जागी फिरला. "रिपोर्ट लिहून झालाय. उद्या हैदराबादला पाठवायलोय. रान परत चरायला खुलं करावं म्हणून तिथं अर्ज गेलेत. बंद रानात शेणकिडेसुद्धा टिकतात हे वाचलं की कोण खुलं करील?"



शेणकिडे शेणाशिवाय जगत नव्हते. शेण पडल्याबरोबर ते कुठून कुठून उडत यायचे. मी पाटी आणेपर्यंत आपापला वाटा घेऊन मातीत शिरायचे. वरचं मी नेत होते, खालचं ते.

उद्या कुणी जाणता साहेब येईल, ओढ्याकाठी खुराची खूण बघेल आणि हसेल. या माणसाच्या एक्केचाळिसावरही मग कुणी विश्वास ठेवणार नाही. त्याची वही खोटी ठरेल, रान खुलं होईल. आणि मी खरं सांगितलं तर? बैल कोंडवाड्यात जाईल, ते राहू द्या. तो माझ्याकडं पुन्हा तसं बघणार नाही, याची मला जास्त भीती वाटत होती.

पण त्याच्या हातावरचे ते चार किडे मला बघवेनात. मी कमरेची घंटी काढली आणि त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"आमच्या बैलाची घंटी. सहा सोमवार त्याला इथं चारायलेय मी. शेण घरी न्यायची. म्हणून तुम्हाला दिसलं न्हाई."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं घंटीकडं पाहिलं, किड्यांकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं होतं रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही मला सरपण म्हणून सांगितलाव," शेवटी तो म्हणाला.

"व्हय. खोटं बोलले." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "आणि अजून एक खोटं हाय. पहिले दोन सोमवार बैलासाठी आले. मग आमच्या बांधावरच गुडघ्याएवढं गवत झालं. मागच्या चार सोमवारी बैलाला इथं आणायची गरजच न्हवती."

"मग कामून आणलाव?"

एवढा शिकलेला माणूस, आणि हे विचारतो!

"त्याच्याबिगर मला इकडं यायला निमित्त कुठं होतं?"

एक शेणकिडा त्याच्या तळहातावरून भुर्रकन उडाला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"हे..." तो हळूच म्हणाला, "हे रिपोर्टात कसं लिहू?"

मी बसवंताला घेऊन मागं न बघता घरी आले. अप्पांना सगळं सांगितलं—बैलाचं. बाकीचं त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन कुंपणाची फट काट्यांनी बुजवली.

पुढच्या सोमवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी शेणात हात घातला की रडू यायचं. अशी गोष्ट कुणाला सांगावी?

तिसऱ्या सोमवारी काशप्पा घरावरून जाताना बातमी सांगून गेला. किडे मोजणाऱ्या साहेबानं रिपोर्ट नव्यानं लिहिला होता. रानात एक बैल सहा सोमवार चरला, शेणकिडे त्या बैलाचे आहेत, बाकीचे किडे रानाचे आहेत, असं साफ लिहिलं होतं. मोठ्या साहेबांना तेच पटलं. इतका खरा लिहितो, तर याचे बाकीचे आकडेही खरे, असं म्हणाले म्हणे. रान आणखी पाच वर्षं बंद राहणार होतं.

मला इतका आनंद झाला, की मी चुलीवरची भाकरी करपवली.

त्याच दिवशी उन्हं कलताना गल्लीतून एक गवताचा भारा चालत आला. भाऱ्याखाली चष्मा होता. शर्टाला कुसळं, हातावर ओरखडे, विळा धरायची सवय नसलेल्या बोटाला चिंधी. भाऱ्यातून नाकतोडे टणाटण उड्या मारत आमच्या अंगणात उतरत होते. आणि त्याच्या हातात ती घंटी होती.

अप्पा बसवंताची मान चोळत बसले होते. ते उठले नाहीत.

"रानात गुरं न्यायला बंदी हाय, अप्पा," विरुपाक्ष भाऱ्याखालून म्हणाला. "गवत कापून आणायला न्हाई. म्हणून... आणलं."

"कुणासाठी?"

"बसवंतासाठी."

अप्पांनी बसवंताच्या टम्म पोटावर थाप मारली. "आमच्या बांधावर ढीगभर गवत हाय, साहेब. बैलाचं पोट भरलंय. खरं सांगा, कुणासाठी आलाव?"

मी दाराआड उभी होते. विरुपाक्षचे कान गवतातूनही लाल दिसत होते. या वेळी तो अडखळला नाही, आणि त्यानं काही खोडलंही नाही.

"गंगव्वासाठी."

अप्पांनी आधी त्याच्याकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. मग त्यांनी उठून दोन्ही हातांनी तो भारा धरला.

"मग उतरवा हे," ते म्हणाले. "आज सोमवार हाय. आमच्या घरात सोमवारी कुणाच्या मानेवर वझं ठेवत न्हाईत."