उंबऱ्यावरचा शब्द

त्या सकाळी मला एकच काम होते: नऊच्या आत संस्थेत पोचून मूळ प्रमाणपत्रे दाखवायची. जीर्ण कागद जतन करण्याचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम, तोही परदेशात. नियम असा, की पहिल्या दिवशी नऊला कागदांसह जो हजर नसेल, त्याची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला जाईल. तीन वर्षे मी अर्ज करीत होते. तिसऱ्या वर्षी देवाने ऐकले.

महाविद्यालयातून आम्ही दोघीच आलो होतो. दुसरीला सगळे टकळी म्हणत. कारण विचारण्याची वेळ कोणावर आली नाही. भाड्याच्या घरात ती खालच्या मजल्यावर, मी सर्वांत वर, एकटी. घरमालकीणबाई किल्ली देताना म्हणाल्या होत्या, "वरचा मजला पुष्कळ दिवस रिकामा आहे. चालेल ना?" मला चालणार होते. एकांतात नामस्मरण नीट होते.

बाहेर धुके एवढे दाट होते की समोरची भिंत दिसत नव्हती. जिन्यात ओल्या लाकडाचा वास कोंदला होता.

"अगं, आटप," खालून टकळी ओरडली. "देवाला ना व्हिसा लागतो, ना हजेरी. आपल्याला दोन्ही लागतं."

"देवाची थट्टा नको," मी म्हणाले. पण मलाही हसू आले. आनंद पोटात मावत नव्हता.

दार ओढून मी किल्ली फिरवली. घरी असते, तर 'येते' म्हणाले असते. निघताना 'जाते' म्हणणे आईला कधी खपले नाही. पण येथे ऐकणारे कोण होते? बंद दाराकडे पाहून मी जरा तोऱ्यातच म्हणाले, "जाते."

क्षणभर काही नाही. मग दारापलीकडून, अगदी जवळून, वयस्क बाईचा हलका आवाज आला.

"जाते नाही... येते म्हण."

मी कठडा धरला. खरे सांगायचे तर, भीतीइतकीच लाज वाटली. चूक पकडली गेली होती, आणि ती चूकच होती. देवाचे नाव घेऊन मी दार उघडले.

खोली रिकामी होती. उन्हात वाळलेल्या सुती कपड्यांचा वास मात्र होता. त्या धुक्याच्या गावात ऊन कुठले? आणि पलंगावर माझी प्रमाणपत्रांची फाइल होती. ती पिशवीत आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

फाइल उचलून मी हात जोडले. "येते," मी म्हणाले, आणि धावत सुटले.

नऊला चार मिनिटे असताना माझ्या नावापुढे शिक्का पडला.

तो दिवस सोन्यासारखा गेला. फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी खळीने कशी जोडायची, ते आम्ही शिकलो. गुरुजी माझ्या पानावर वाकून म्हणाले, "हात स्थिर आहे." टकळी पुटपुटली, "सकाळी जिन्यात पाहायला हवा होता." मी तिला सारे सांगितले होते. "नशीबवान आहेस बाई," एवढेच ती म्हणाली होती. "माझ्या खोलीत नुसता नळ बोलतो."

संध्याकाळी हसत परतलो, तर घरमालकीणबाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"एक विचारू? तुमच्या भाषेत..." त्यांनी अक्षरे जपून जुळवली, "'आली का' म्हणजे काय?"

"का?"

"दुपारपासून तीनदा वरून कोणीतरी विचारलं. बाईचा आवाज होता. मला वाटलं, तुमच्या आई आल्यात. मी काय उत्तर देणार..."

टकळी गप्प झाली. मी तिला गप्प झालेले त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"माझ्याकडे झोप आज," ती हळूच म्हणाली.

मी नकारार्थी मान हलवली. ज्याची कोणी वाट पाहते, त्याने परतल्याचे कळवावे. एवढे तरी मला घरी शिकवले होते. मी एकटी वर गेले. मन, का कोण जाणे, प्रसन्न होते.

"आले," मी दाराशी म्हणाले.

किल्ली अजून माझ्या मुठीतच होती. दार आतून उघडले.