एका दिवसापुरतं

त्याचा आवाज मी आधी ऐकला. तो दिसला नंतर. मधे एक बंद दार होतं आणि दाराच्या आत मी... पार्लरच्या बाथरूममध्ये.

सकाळची वेळ होती. मालकीणबाई मला काउंटरवर बसवून बँकेत गेल्या होत्या, गिऱ्हाईक अजून कुणी आलेलं नव्हतं. बाथरूमच्या दाराला गुळगुळीत, गोल मूठ होती. दार लोटून घेताना मी विचार केला नाही. उघडायला गेले तेव्हा कळलं. मला आमवात आहे. सकाळी माझी बोटं अशी आखडलेली असतात, की गोल वस्तूभोवती वळायला साफ नकार देतात. मी तळव्यांनी फिरवून पाहिलं, मनगटांनी पाहिलं, टॉवेल गुंडाळून पाहिलं. शेवटी दारच ठोठावलं. शेजारच्या गाळ्यात नव्या दुकानाचं लाकूडकाम चाललं होतं. करवतीचा आवाज थांबला आणि पावलं जवळ आली.

"आत कोणी आहे का?"

"नाही. दारच स्वतःला ठोठावतंय."

"मग मी जाऊ?"

"जाऊ नका... अडकलेय मी."

"कडी लागलीय का आतून?"

"कडी नाही लागलेली. मूठ फिरत नाहीये."

त्याने बाहेरून मूठ फिरवली आणि दार सहज उघडलं. समोर तो उभा — तिशीच्या आतबाहेरचा, कानावर पेन्सिल, पापण्यांवर लाकडाचा भुसा. आणि मी हातात टॉवेल घेऊन, लाजेनं लाल.

"मूठ तर चांगली फिरतेय की," तो म्हणाला. मग त्याची नजर माझ्या सुजलेल्या बोटांवर गेली, तिथे क्षणभर थांबली आणि पुन्हा दाराकडे वळली. "नाही... खराबच आहे मूठ."

"आत्ता तर चांगली म्हणालात."

"नीट पाहिली नव्हती."

दुपारी त्याने कुणाला न विचारता ती गोल मूठ काढली आणि तिथे लांब दांडीचं हँडल बसवलं. कोपराने दाबलं तरी उघडेल असं. मालकीणबाईंनी पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या, उरलेला माल होता." हँडल नवंकोरं होतं. मी दिवसभर गालातल्या गालात हसत होते.

त्यानंतर शेजारचं काम लांबतच गेलं. कधी त्याला पाणी हवं असायचं, कधी आरसा. मी त्याला सुतारबुवा म्हणायचे, तो मला गोगलगाय म्हणायला लागला, कारण काउंटरवरून उठायला मला वेळ लागायचा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी बोलणंच टाकलं असतं.

"तुम्ही केस कापत नाही?" त्याने एकदा विचारलं.

"कापायचे. इथली सगळ्यात चांगली मीच होते. आता फोन घेते आणि दुसऱ्यांनी कापलेले केस बघून मनात नावं ठेवते."

"हे... पसरतं का? म्हणजे लागण वगैरे?"

"जवळ बसून बघा."

तो खरंच खुर्ची ओढून जवळ बसला.

मी त्याला सगळं सांगितलं. हा म्हातारपणचा रोग नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांना शत्रू समजतं आणि त्यांच्यावर उठतं. आठवड्यातून एकदा गोळी घ्यावी लागते, दर शनिवारी, आणि रविवार मळमळीत जातो. ठरावीक काळाने रक्त तपासायचं, लिव्हर बरं आहे ना बघायला. रात्री मनगटांना पट्टे बांधून झोपायचं. बटणांऐवजी चिकटपट्ट्या, बुटांना नाडी नाही, भांडं उचलायचं नाही, ओट्यावरून सरकवायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कुठला दिवस कसा निघेल ते आदल्या दिवशी कळत नाही.

तो घरी यायला लागला. घर म्हणजे दोन खोल्या, मी आणि बाबा. बाबांनी आयुष्यभर बस चालवली. आई गेल्यापासून सकाळी तेच माझी वेणी घालतात, वाकडी, पण घट्ट. कोमट पाण्याच्या घमेल्यात मी हात बुडवून बसले, की म्हणतात, "इंजिन गरम होऊ दे, मग गिअर टाक." सुतारबुवाने आमच्या नळांना लांब दांड्या बसवल्या. चमचा, कंगवा, सुरी... सगळ्यांना जाड, हलक्या लाकडाच्या मुठी केल्या, माझ्या हाताचं माप घेऊन. बाबा म्हणाले, "हा मुलगा थोड्या दिवसांनी मलाही रंधा मारणार." पण त्यांना तो आवडला होता. मला किती, ते सांगायलाच नको.

एका संध्याकाळी बाहेर भुरभुर पाऊस होता आणि खिडकीचं नवं पॉलिश वास सोडत होतं. आम्ही दोघं शेजारी उभे होतो. त्याने हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

"कुठे धरू?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. लोक हात दाबून मोकळे होतात आणि मी ओठ चावून हसते.

"मनगटाच्या जरा वर," मी म्हणाले.

"इथे?"

"इथे."

"दुखतंय?"

"नाही... सोडलात तर दुखेल."

त्याने सोडलं नाही. त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं.

लग्नाची गोष्ट त्यानेच काढली. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट.

"आई येतेय, रविवारी. तुला बघायला." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "एक सांगू? तिला... हे एवढ्यात कळायला नको. नंतर सांगू आपण, हळूहळू. एका दिवसापुरतं सांभाळून घेशील?"

"सांभाळून म्हणजे?"

"म्हणजे... नेहमीसारखी वागलीस की झालं."

"मी नेहमी अशीच असते रे."

"तसं नाही गं. तुला समजतंय मला काय म्हणायचंय."

मला समजत होतं. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण त्याचा चेहरा इतका कावराबावरा झाला होता, की मी हो म्हटलं. बाबा रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी वेणी घालताना एवढंच म्हणाले, "तुझं तू बघ."

रविवारी मळमळ नको म्हणून मी शनिवारची गोळी घेतली नाही. दुखणं दाबायच्या रोजच्या गोळ्या दुप्पट घेतल्या. पट्टे कपाटात गेले, जाड मुठींचे चमचेही गेले. त्यानेच ते गोळा करून आत ठेवले. मी बटणांचा कुडता घातला. आणि दिवसभर मी काय काय केलं... भाज्या चिरल्या. भाताचं भरलं पातेलं उचलून उतरवलं. ओट्यावरचं फडकं पिळलं. त्याच्या आईला कपबशी हातात नेऊन दिली, हसून. त्या जाताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि मी तेव्हाही हसले. डोळ्यांत पाणी आलं, त्यांना वाटलं असेल, मायेचं.

दार लागल्यावर त्याने आनंदाने मला जवळ ओढलं. "जिंकलंस. आईला कळलंसुद्धा नाही."

सोमवारी मला उठता आलं नाही. बोटं, मनगटं, गुडघे सगळे टरारून फुगले होते, अंगात कणकण होती. बाबांनी माझे दात घासून दिले. पेज भरवली. मालकीणबाईंना फोनही त्यांनीच केला. संध्याकाळी तो आला, हातात मिठाईचा पुडा, चेहऱ्यावर अजून कालचंच हसू.

"अगं, काय हे? काल तर किती छान होतीस."

"काल गोळ्यांवर होते."

"गोळ्या तर रोजच असतात." तो पलंगाच्या कडेवर बसला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "खरं सांगू का? काल मला एक गोष्ट पटली. मनात आणलंस तर जमतं तुला सगळं. थोडं मन घट्ट करायला हवं, बस."

बाबा स्वयंपाकघरात होते. त्यांच्या हातातल्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. वाटलं, त्याला समजावून सांगावं. मग वाटलं, अजून काय सांगायचं राहिलंय? ज्याने माझ्या हाताचं माप घेऊन मुठी केल्या, त्याला काल मी एक दिवस खोटं वागून दाखवलं, आणि त्याने त्या एका दिवसावर विश्वास ठेवला. उरलेल्या सगळ्या दिवसांवर ठेवला नाही.

"तू जा आता," मी म्हणाले.

"रागावलीस?"

"नाही. पण उद्या येऊ नकोस. परवाही नको."

तो उठला. मिठाईचा पुडा तसाच ठेवून गेला.

डॉक्टरीणबाईंनी मला झापलं. "गोळी चुकवायची तर मला विचारून," म्हणाल्या, आणि थोड्या दिवसांसाठी औषध वाढवून दिलं. हळूहळू सूज उतरली. मी पुन्हा काउंटरवर जायला लागले. त्याचे फोन यायचे, मी उचलायचे नाही. उचलला असता तर विरघळले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग एका दुपारी पार्लरचं दार उघडलं आणि त्याची आई आत आली. एकटीच. गिऱ्हाईक असल्यासारख्या त्या खुर्चीवर बसल्या, पदराने घाम पुसला.

"त्याने सांगितलं मला सगळं. शेवटी सांगितलं."

"तुम्हाला उगाच त्रास झाला, काकू."

"मला कसला त्रास? अगं, मला त्याच दिवशी कळलं होतं. कप देताना तुझी बोटं मी बघितली. माझ्या धाकट्या बहिणीची तशीच होती."

"मग बोलला का नाहीत?"

"कशी बोलू? तुम्ही दोघं इतकं जीव तोडून लपवत होतात. मला वाटलं, तुलाच नको असेल मला कळलेलं. म्हणून जाताना हातसुद्धा हलकेच धरले." त्या जरा थांबल्या. "पोरी, मी कधी काही म्हटलं नसतं. चहा मी ठेवला असता."

इतके दिवस मी मनातल्या मनात या बाईला दोष देत होते. लाज तिला नव्हतीच वाटत. लाज त्याला वाटत होती.

"तो बाहेर उभा आहे," त्या म्हणाल्या. "आत यायचा धीर होत नाही त्याला. एकदा बोलशील?"

मी बाहेर गेले. तो फुटपाथवर उभा होता, पापण्यांवर भुसा तसाच. तो स्वतः मात्र वाळला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "सगळ्यांना सांगेन. मोठ्याने सांगेन. काय करू, ते सांग."

"काही करू नकोस."

"प्रेम नाही राहिलं का?"

"आहे की." ते खरं होतं, म्हणूनच बोलताना त्रास झाला. "पण मी आणखी चाळीस वर्षं आजारी असणार आहे. रोज सकाळी उठून मी तुझ्या तोंडाकडे बघणार... आज याला खरं वाटतंय का माझं दुखणं? डॉक्टरांना रिपोर्ट दाखवते मी. तुलाही दाखवत बसू?"

"मला खरं वाटतंय."

"आज वाटतंय."

'उद्याही वाटेल' असं खोटं तो बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. त्याने हात पुढे केला, मनगटाच्या वर नेमका, आणि या वेळी मी माझा हात मागे घेतला.

आत फोन वाजत होता. मी जाऊन उचलला, पलीकडच्या बाईला शुक्रवारची वेळ दिली. काचेतून दिसत होतं, त्याची आई बाहेर जाऊन त्याला काही सांगत होती आणि तो मान हलवत होता. मग दोघं निघाले. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होते. दुपारनंतर बोटं जरा सैल झाली होती, म्हणून त्या दिवशीच्या सगळ्या वेळा मी स्वतःच वहीत लिहिल्या. अक्षर बरं आलं.