सहावी कडी

ठासणीचं रिव्हॉल्व्हर झाडलं की त्याच दिवशी धुवावं लागतं. काळ्या दारूची राख आत राहिली की लोखंडाला गंज धरलाच म्हणून समजा. त्यामुळे लग्न झाल्यापासून दर रविवारी विल्माच्या स्वयंपाकघरात कढत पाणी, साबण आणि नासक्या अंड्यांचा वास असायचाच. शेजारणी नाकाला रुमाल लावायच्या. विल्माला त्याचं काहीच वाटत नसे. दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांना दारूचा वास येतो, माझ्या नवऱ्याला बंदुकीच्या दारूचा येतो, असं ती म्हणायची.

तिचा नवरा हॉलिस जानेवारीत गेला. मागच्या शेडमध्ये टेबलाशी बसून त्याने रिव्हॉल्व्हर भरलं आणि बसल्या बसल्याच त्याचं हृदय थांबलं. विल्मा जेवायला बोलवायला गेली तेव्हा त्याचा चष्मा नाकावरून घसरला होता. पुढ्यात शिशाच्या पाच कड्या पडल्या होत्या. गोळी रिव्हॉल्व्हरच्या चक्रातल्या तिच्या घरापेक्षा जराशी जाड असते, दट्ट्याने दाबून बसवताना तिच्या कडेचं शिसं केसाएवढं सोलून निघतं, त्याची ही कडी. एका गोळीला एक कडी. घरं सहा असली तरी हॉलिस पाचच भरायचा. सहावं रिकामं ठेवून त्यावर घोडा टेकवायचा, म्हणजे चुकून धक्का लागला तरी बार उडत नाही. नेमबाजीच्या क्लबात नवा कोणी आला की तो डोळे मोठे करून सांगायचा, "पाच भरतो तो परत येतो. सहा भरतो तो कुणाला तरी न्यायला येतो." नवा माणूस घाबरला की स्वतःच खो खो हसायचा.

दफनाला विल्माच्या डोळ्याला पाणी आलं नाही. नंतरही नाही. लोक घरी शिजवलेलं आणून देत होते, ती भांडी धुऊन परत करत होती. तिला काहीच वाटत नव्हतं. दंतवैद्याने सुई दिल्यावर गाल असतो, पण आपला वाटत नाही, तशी ती सगळीच झाली होती.

मार्चमध्ये क्लबाचा ड्यूई आला. टोपी काढून दारातच घुटमळला.

"वहिनी, त्याने भरलेले बार अजून तसेच आहेत ना? मेलेल्याचा शेवटचा बार घरच्याने झाडायचा असतो. तो राहिला तर त्याला झोप लागत नाही म्हणतात."

"त्याला? अरे, तो चर्चमध्ये घोरायचा," विल्मा म्हणाली. पण रिव्हॉल्व्हर घेऊन क्लबात गेली.

ते झाडायचं तिच्या जिवावर आलं होतं. हॉलिसच्या हातचं जगात एवढंच उरलं होतं. तिने चाप ओढला. धूर झाला आणि तळव्यात धक्का बसला. तो धक्का तिला कळला. इतक्या दिवसांत कळलेली ती पहिली गोष्ट. पाचही बार संपले तेव्हा तिला आणखी हवे होते.

घरी येऊन तिने रिव्हॉल्व्हर धुतलं, मंद ओव्हनमध्ये सुकवलं, तेल लावून शेडमधल्या फळीवर ठेवलं. कड्या झाडून कचऱ्यात टाकल्या.

पुढच्या रविवारी ते टेबलावर होतं. भरलेलं. पाच घरांच्या तोंडाशी, ठिणगी आत जाऊ नये म्हणून लावतात ती चरबी लिंपलेली आणि तिला पुदिन्याचा वास. चरबीत मेण आणि पुदिन्याचा अर्क घालायची खोड फक्त हॉलिसची. शेजारी पाच कड्या.

तिने मुलीला फोन लावला. "डोरीन, तू बापाची बंदूक भरलीस?"

"मी? आई, मला साधा डबा उघडता येत नाही, आणि तुझ्या घराची किल्ली तरी कुठे आहे माझ्याकडे?"

विल्मा क्लबात गेली आणि ते बार झाडून आली. ड्यूई निशाणाचा कागद घेऊन हसत आला. "काय वहिनी! एरवी तुमच्या गोळ्या शेजारच्याच्या कागदावर. आज सगळ्या एका मुठीत?" मग त्याने कागद नीट पाहिला. भोकं मध्यापासून जरा खाली, डाव्या अंगाला होती. हॉलिसच्या गोळ्या नेहमी तिथेच जायच्या. ड्यूईने कागदाची घडी घालून तो तिच्या हातात दिला.

विल्मा भाबडी नव्हती. आपणच झोपेत उठून भरत असू, असं तिने ठरवलं. दारूचा डबा, गोळ्या, बार पेटवणाऱ्या तांब्याच्या टोप्या, सगळं ड्यूईच्या घरी नेऊन टाकलं. शेडला कुलूप लावलं आणि किल्लीही त्याच्याच बायकोकडे ठेवली. रविवारी किल्ली मागून आणून कुलूप उघडलं, तर टेबलावर रिव्हॉल्व्हर आणि पाच कड्या.

त्यानंतर तिने विचारणंच सोडून दिलं. आठवडाभर ती भिंतीकडे बघत बसायची. रविवारी वेणीफणी करून निघायची, तळव्यात पाच धक्के घ्यायची आणि परत यायची. तेवढ्यावर तिचं चाललं होतं.

डोरीनला हे बघवेना. "आई, तू अर्धी झालीयेस! बाबांसाठी एकदा रडली नाहीस आणि त्या लोखंडाला मात्र दर आठवड्याला आंघोळ घालतेस. विकून टाक ते. माझ्याकडे चल." बोलता बोलता ती हमसाहमशी रडायला लागली. पोटची पोर समोर रडते आहे आणि आपल्याला काहीच होत नाही, हे विल्माला दिसलं. त्याची मात्र तिला भीती वाटली. म्हणून ती हो म्हणाली.

गिऱ्हाईक शनिवारी आलं. "रिकामी ना, बाई?" त्याने रीतीप्रमाणे विचारलं.

"रिकामी," विल्मा म्हणाली, आणि ती खरंच रिकामी होती. त्याने सहाही घरं उजेडात धरून पाहिली, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं आणि पार दुसऱ्या राज्यात घेऊन गेला. डोरीनने सोमवारी सामान बांधायला येते म्हणून सांगितलं.

रविवारी विल्मा सवयीने शेडमध्ये गेली.

टेबल मोकळं होतं. कड्या मात्र होत्या. नव्या, चकचकीत. पुदिन्याचा वास होता.

तिने मोजल्या. पाच एका ओळीत होत्या.

सहावी बाजूला होती, विल्मा बसायची त्या स्टुलासमोर.

ती घरात आली. शेगडीवर कॉफी ठेवली आणि टेबलाशी बसली. उजव्या तळव्यात धक्का बसला. आवाज नाही, धूर नाही. नुसता धक्का. मग दुसरा, तिसरा. तिने हात उताणा ठेवला.

चौथ्याला तिचे डोळे भरून आले. पाचव्याला गालावरून पाणी ओघळलं आणि ते गरम आहे हे तिला कळलं.

मग काही नाही. कॉफी उकळायला लागली.

शेडमध्ये घोडा चढवल्याचा आवाज झाला.

विल्माने उठून शेगडी बंद केली, ॲप्रन सोडून खुंटीला अडकवला आणि मागच्या दाराकडे तोंड करून पुन्हा येऊन बसली.