पंपाची मदत, चार ओळींत

गास गावातल्या आमच्या वाडीत सोनचाफ्याला पाणी सोडणारा पंप मी एका लहानशा कॉम्प्युटरला जोडला होता. त्या प्रोग्रामचं मॅन्युअल म्हणजे पोथीच. माझी बायको जीना म्हणाली, "एरॉल, काय करायचं आणि काय टाइप करायचं, तेवढंच लिही. बाकीचं तूच वाच."

म्हणून मी ‘पंप मदत’ बनवली. ओवीएवढी. चालू करणं, बंद करणं, टायमर लावणं, टायमर काढणं. अशा चार ओळी, प्रत्येकीखाली एक कमांड.

शनिवारी दुपारी विहिरीतल्या पंपाच्या तळाच्या जाळीत शेवाळ अडकलं. जीनाचे सॅन्टनमामा कमरेला दोर बांधून विहिरीच्या काठावर उभे राहिले.

"जावयबापू, मी खाली असताना तुमचं यंत्र आपोआप सुरू नको व्हायला हां. पान्यात करंट उतरला तर थेट माझ्या मयताची मिस्साच सांगा."

"टायमर काढतो, मग उतरा."

"तुम्ही काढा, मी उतरतो," म्हणत ते उतरलेसुद्धा. दोर जीनाने धरला.

मी पंपाच्या खोलीत गेलो. टायमर काढायची कमांड आठवेना. मदत मागितली. काळ्या पडद्यावर माझ्या चार ओळी आल्या. खाली पाचवी.

विहिरीत माणूस असेल तर:
मेन स्विच उतरव

"जीना, ही ओळ तू लिहिलीस?"

"मला तुझी फाइल कुठंय तेही माहीत नाही!" ती बाहेरून ओरडली.

मी फाइल उघडली. तिच्यात ओळी चारच होत्या. कॉम्प्युटरला इंटरनेटही नव्हतं. पण सल्ला बरोबर होता. टायमर काढला, मेन स्विचही उतरवला. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबला. चाफ्याचा वास खोलीत दाटून आला. कॉम्प्युटर बॅटरीवर चालूच होता.

मघाशी नजर चुकली असेल, म्हणून पुन्हा मदत मागितली. आता ओळी सहा होत्या.

विहिरीत दोघं असतील तर:
आधी मामांना ओढ

मी धावलो.

"मामा! वर या!"

"झालंच की," विहिरीतून घुमत आवाज आला. "ह्यानं जाळी धरली म्हनून बरं. कोनाला पाठवलंत? हात लई गार हाय त्याचा."

जीनाने माझ्याकडे पाहिलं. तिने दोर मनगटाला गुंडाळला.

आम्ही ओढलं.

दोर जड होता. एका माणसाला असू नये इतका.

मामांचं डोकं दिसलं. खांदे. मी त्यांना बगलेत धरून काठावर घेतलं.

खाली पाणी हळूहळू निवळलं. तिथे कुणी नव्हतं.

"कुठं गेला?" मामा धापा टाकत म्हणाले. "माझ्या मागंच चढत होता."

जीना त्यांना टॉवेल द्यायला वळली. मी खोलीत गेलो, कॉम्प्युटरची बॅटरी काढायला. मी काहीच टाइप केलं नव्हतं. पडद्यावर आता एकच ओळ होती.

वर दोघं आले असतील तर:

तिच्याखाली कमांड नव्हती.